प्लेटलेटची मोजणी: लाल पेशींच्या हिशेबाने

मशीनने प्लेटलेट खूपच कमी, म्हणजे मायक्रोलिटरमागे ४० हजार दाखवल्या की जाणता तंत्रज्ञ रिपोर्ट सोडण्याआधी मायक्रोस्कोपखाली स्लाइड बघतो. या सवयीमागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

जूलिओ बिझोझेरो यांनी 1882 मध्ये जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिन्यांत प्लेटलेट वाहताना पाहिल्या आणि रक्त थांबवण्यात त्यांचा हात आहे हे दाखवले. मोजायला गेले की मात्र त्या हाती लागत नसत. आकार जेमतेम 2-3 मायक्रॉन, आणि रक्त शरीराबाहेर आले की लगेच एकमेकींना चिकटणार!

1912 मध्ये स्विस डॉक्टर अँटोन फोनियो यांनी यावर तोड काढली. बोटावर मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणाचा थेंब ठेवायचा, त्यातूनच सुई टोचायची, म्हणजे रक्त थेट द्रावणात उतरते आणि प्लेटलेट सुट्या राहतात. मग स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) रंगवून हजार लाल पेशींमागे किती प्लेटलेट दिसतात ते मोजायचे आणि लाल पेशींच्या काउंटवरून त्यांची संख्या काढायची. मला ही कल्पना फार मोलाची वाटते, कारण स्मिअर जाड आहे की पातळ, याचा त्रास तिने बराच कमी केला.

पुढे 1950 मध्ये ब्रेकर आणि क्रॉनकाइट यांनी अमोनियम ऑक्झलेटने लाल पेशी फोडून फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपखाली (यात न रंगवलेल्या पेशीही उठून दिसतात) चेंबरमध्ये, म्हणजे चौकटी आखलेल्या मोजणीच्या काचेवर, थेट मोजणी केली. नंतर मशीन आले.

स्मिअरवरचा अंदाज तरीही टिकला. लाल पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात तो भाग शोधायचा, ऑइल इमर्शनखाली (तेलाचा थेंब लावून वापरायच्या मोठ्या भिंगाखाली) 10 फील्डमधल्या, म्हणजे एका वेळी दिसणाऱ्या गोल भागांतल्या, प्लेटलेट मोजून सरासरी काढायची आणि तिला 15 किंवा 20 हजारांनी गुणायचे. या गुणकात लाल पेशी लपलेल्या आहेत. फील्डमध्ये त्या साधारण 200 आणि एका मायक्रोलिटर रक्तात 50 लाख असतील, तर फील्डमधल्या एका प्लेटलेटमागे रक्तात 25 हजार प्लेटलेट येतात. काउंट 25 लाखांवर आला की साडेबारा हजारच. म्हणून तीव्र ॲनिमियात ठरलेला गुणक डोळे झाकून वापरला, तर आकडा फुगतो. गुणक आपल्या मायक्रोस्कोपच्या फील्डप्रमाणे ठरवून घ्यावा लागतो तो वेगळाच.

काही जणांच्या रक्तात ईडीटीएमुळेच (रक्त गोठू नये म्हणून नळीत घातलेल्या रसायनामुळेच) प्लेटलेटचे पुंजके होतात. मशीन ते प्लेटलेट म्हणून धरत नाही आणि काउंट खोटा कमी येतो. स्मिअरच्या शेपटीकडे हे जांभळट पुंजके स्पष्ट दिसतात. 2001 मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय संदर्भ पद्धतीत फ्लो सायटोमीटर (पेशी एकेक करून लेझरसमोरून नेऊन मोजणारे यंत्र) आला, पण तोही मोजतो ते प्लेटलेट आणि लाल पेशींचे गुणोत्तरच.