साक्षीपासून भाष्यापर्यंत : जागतिक राजकारणावर बोलणाऱ्या मुंबईतील स्त्रियांची पार्श्वभूमी

युक्रेनवरील रशियाचे आक्रमण, गाझातील युद्ध, तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर झालेले हल्ले आणि अमेरिकेपासून बांगलादेशापर्यंतची सत्तांतरे यांवर मराठीत आज जी चर्चा होते, तिच्यात स्त्री अभ्यासकांचा आवाज ठळकपणे ऐकू येतो. दादर, विलेपार्ले, ठाणे, डोंबिवली येथील व्याख्यानमाला असोत, वृत्तपत्रांतील स्तंभ असोत किंवा वाहिन्यांवरील चर्चा असो, एखाद्या प्राध्यापिकेने किंवा निवृत्त राजदूत असलेल्या बाईंनी परराष्ट्र धोरणाची उकल करून सांगावी, यात श्रोत्यांना आता नवल वाटत नाही. मात्र हे सहज घडून आलेले नाही. परदेशी व्यासपीठांवर स्त्रियांना प्रथम बोलावले गेले ते स्वतःच्या दुःखाची साक्ष देण्यासाठी. इतरांच्या युद्धांवर, निवडणुकांवर आणि करारांवर भाष्य करण्याचा अधिकार त्यांना फार उशिरा आणि बराच झगडा करून मिळाला. या वाटचालीचे अनेक महत्त्वाचे टप्पे मुंबईशी जोडलेले आहेत.

या परंपरेचा आरंभ पंडिता रमाबाई यांच्यापासून मानणे योग्य ठरेल. १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत वास्तव्य करून परतल्यावर त्यांनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदासदन सुरू केले, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या लोकस्थितीवरील त्यांचा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याला प्रवासवर्णन म्हणून बाजूला ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे, पण त्याचा मोठा भाग तेथील राज्यव्यवस्था, शिक्षण आणि स्त्रियांच्या संघटना यांच्या परीक्षणाला वाहिलेला आहे. एका मराठी स्त्रीने दुसऱ्या देशाच्या राज्यपद्धतीचे मराठी वाचकासाठी केलेले हे विवेचन आहे, आणि माझ्या मते आंतरराष्ट्रीय राजकारणावरील मराठी लेखनाच्या इतिहासात त्याला अजून योग्य जागा मिळालेली नाही. १८८९ च्या डिसेंबरात मुंबईत भरलेल्या राष्ट्रसभेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, अधिवेशनाला ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून उपस्थित होत्या, त्यांतही रमाबाई होत्या.

मुंबईच्या पारशी घरात १८६१ मध्ये जन्मलेल्या भिकाईजी कामा यांची वाट वेगळी होती. १८९६ च्या प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना त्या स्वतः आजारी पडल्या, पुढे उपचारांसाठी युरोपात गेल्या आणि क्रांतिकारकांच्या वर्तुळात स्थिरावल्या. २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतील श्टुटगार्ट येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत त्यांनी भारताचा ध्वज फडकवला आणि ब्रिटिश राजवटीचा प्रश्न युरोपीय प्रतिनिधींपुढे मांडला. ब्रिटिश सरकारने त्यांना दीर्घकाळ मायदेशी येऊ दिले नाही. अखेरच्या आजारपणात त्या मुंबईला परतल्या आणि १९३६ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले.

मतदानाच्या हक्काच्या लढ्यात मुंबईच्या हिराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन या दोघींची कामगिरी आज फारशी कोणाला आठवत नाही. १९११ मध्ये काश्मीरमध्ये त्यांची भेट इंग्लंडमधील मताधिकार चळवळीत असलेल्या राजकन्या सोफिया दुलीप सिंग यांच्याशी झाली आणि त्या भेटीने दोघींना या प्रश्नाकडे वळवले. १९१८ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या विशेष अधिवेशनाने स्त्रियांच्या मताधिकाराला पाठिंबा दिला, तरी भारतातील मताधिकाराचा विचार करण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीने ही मागणी फेटाळली. तेव्हा १९१९ मध्ये मायलेकी लंडनला गेल्या आणि ब्रिटिश संसदेच्या संयुक्त समितीपुढे त्यांनी आपली बाजू मांडली. संसदेने स्वतः निर्णय न घेता तो प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवला. १९२१ मध्ये मद्रासने आणि त्यापाठोपाठ मुंबईने स्त्रियांच्या मतदानावरील बंदी उठवली. अर्थात मालमत्तेची अट कायम असल्याने मतदार म्हणून नोंद झालेल्या स्त्रिया थोड्याच होत्या. मिठनबाई लंडनमध्येच राहून बॅरिस्टर झाल्या, मुंबई उच्च न्यायालयात त्यांनी वकिली केली आणि १९४७ मध्ये त्या मुंबईच्या शेरीफ झाल्या.

स्वातंत्र्य जवळ आले तसे चित्र पालटू लागले. १९४६ मध्ये विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या वागणुकीचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मांडला आणि आवश्यक दोन तृतीयांश बहुमत मिळवले. १९५३ मध्ये त्या आमसभेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. पुढे १९६२ ते १९६४ या काळात महाराष्ट्राच्या राज्यपाल म्हणून त्यांचा मुक्काम मलबार हिलवरील राजभवनात होता. मुंबईच्या सार्वजनिक जीवनात आधीपासून वावरलेल्या हंसा मेहता यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात भारताचे प्रतिनिधित्व केले. १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात सर्व मानव जन्मतः स्वतंत्र व समान आहेत असे म्हटले आहे. मूळ मसुद्यात तेथे फक्त पुरुषवाचक शब्द होता आणि तो बदलून घेण्याचे श्रेय हंसाबाईंना दिले जाते. ही गोष्ट आता सर्वांना माहीत झाली आहे. तिच्या झळाळीत त्यांचे दुसरे काम झाकोळले गेले आहे, ते म्हणजे हक्कांच्या अंमलबजावणीसाठी यंत्रणा कशी असावी याचा विचार करणाऱ्या कार्यगटाचे अध्यक्षपद. नुसत्या घोषणेने पीडितांना न्याय मिळत नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते, आणि आजच्या प्रत्येक युद्धात तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

परराष्ट्र सेवेत मात्र स्त्रियांचे स्वागत झाले नाही. १९४९ मध्ये या सेवेत दाखल झालेल्या पहिल्या स्त्री अधिकारी सी. बी. मुथम्मा यांना जे नियम लागू होते, त्यांनुसार स्त्री अधिकाऱ्याला विवाहापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे आणि विवाहानंतर घरच्या जबाबदाऱ्यांमुळे कामात अडथळा येतो असे सरकारला वाटले, तर तिला राजीनामा द्यावा लागू शकत असे. विवाहित स्त्रीला नेमणुकीचा हक्क नाही, असेही एका नियमात नमूद होते. पुरुष अधिकाऱ्यांवर असे कोणतेही बंधन नव्हते. बढती नाकारली गेल्यावर मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सुनावणीपूर्वीच सरकारने त्यांना बढती दिली, त्यामुळे याचिका निकाली निघाली. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७९ च्या निकालपत्रात या नियमांतील भेदभावावर कठोर ताशेरे ओढले आणि सेवानियमांची फेरतपासणी करण्यास सांगितले. स्वतंत्र भारताचे पहिले स्त्री परराष्ट्र सचिवपद चोकिला अय्यर यांना मिळायला २००१ साल उजाडले.

याच सेवेत १९६३ मध्ये दाखल झालेल्या अरुंधती घोष यांच्याजवळ थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण स्त्री मुत्सद्द्याला केवळ स्त्रीप्रश्नांपुरते पाहण्याची सवय त्यांच्या कामाने मोडीत काढली. त्यांचा जन्म आणि शालेय शिक्षण मुंबईचे. १९९६ मध्ये जिनिव्हा येथील निःशस्त्रीकरण परिषदेत सर्वंकष अणुचाचणीबंदी कराराची बोलणी अखेरच्या टप्प्यात आली असताना त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. अण्वस्त्रधारी देशांवर आपली अस्त्रे ठरावीक मुदतीत नष्ट करण्याचे कोणतेही बंधन या कराराने घातले जात नव्हते आणि त्यांना प्रयोगशाळेत स्फोटाविना संशोधन चालू ठेवण्याची मुभा राहत होती, असा भारताचा आक्षेप होता. त्याहून गंभीर बाब अशी की, करार अमलात येण्यासाठी ज्या ४४ देशांची मान्यता अनिवार्य ठरवली गेली, त्यांत भारताचे नाव भारताच्या इच्छेविरुद्ध घालण्यात आले. एखाद्या सार्वभौम देशाने ज्या कराराला संमती दिलेली नाही, त्यासाठी त्याच्यावर असा दबाव आणणे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या मूलतत्त्वाला धरून नाही, असा युक्तिवाद घोष यांनी केला. या असमान करारावर भारत आता सही करणार नाही आणि नंतरही करणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. परिषदेत सहमतीशिवाय मसुदा पुढे जाऊ शकत नसल्याने भारताच्या विरोधाने तो तेथे अडला. मग ऑस्ट्रेलियाने तो थेट आमसभेपुढे नेला आणि १० सप्टेंबर १९९६ रोजी १५८ विरुद्ध ३ मतांनी तो संमत झाला. विरोधी मतदान करणाऱ्या तीन देशांत भारतासोबत भूतान आणि लिबिया होते. भारताची ही भूमिका योग्य होती की नव्हती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि असावेत. परंतु अण्वस्त्रांसारख्या कठीण विषयातील तांत्रिक आणि कायदेशीर बारकावे पेलून, मोठ्या सत्तांच्या दबावापुढे देशाची बाजू एका स्त्रीने मांडली, ही घटना पुढच्या पिढीतील विद्यार्थिनींसाठी फार मोलाची ठरली.

मुत्सद्द्यांच्या बरोबरीने अध्यापकांचे ऋणही मान्य करायला हवे. मुंबई विद्यापीठाच्या नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभागाची धुरा डॉ. आलू दस्तूर आणि त्यांच्यानंतर डॉ. उषा मेहता यांनी सांभाळली. १९४२ च्या आंदोलनात मुंबईत जागा बदलत गुप्तपणे चाललेल्या काँग्रेस रेडिओमुळे उषाताई सर्वांना ठाऊक आहेत. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांना अटक झाली आणि १९४६ पर्यंत त्या तुरुंगात होत्या. पण त्यानंतर विल्सन महाविद्यालयात आणि विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे राज्यशास्त्र शिकवले, हा त्यांच्या आयुष्याचा तितकाच मोठा भाग आहे. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेले आणि १९३६ मध्ये मुंबईत आलेले महिला विद्यापीठ हेही महत्त्वाचे केंद्र ठरले. नीरा देसाई यांनी तेथे १९७४ मध्ये स्त्री अभ्यासाचा संशोधन विभाग उभा केला आणि १९८१ मध्ये स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद तेथेच भरली.

मराठीत लिहिणाऱ्या स्त्रियांनी मात्र हे ज्ञान विद्यापीठाबाहेर नेले, आणि मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काही काळ काबूलमध्ये राहिलेल्या प्रतिभा रानडे यांनी अफगाणिस्तान आणि पाकिस्तान या देशांवर मराठीत विस्ताराने लिहिले. मुंबईत राज्यशास्त्र शिकवणाऱ्या मनीषा टिकेकर यांनी प्रत्यक्ष पाकिस्तानात जाऊन तेथील समाजाचा अभ्यास केला. शेजारी देशाकडे केवळ शत्रू म्हणून न पाहता तेथील लोक कसे जगतात आणि सत्तेकडे कसे बघतात, हे समजून घेण्याची दृष्टी अशा लेखनाने मराठी वाचकाला दिली. मुंबई विद्यापीठातील उत्तरा सहस्रबुद्धे यांच्यासारख्या प्राध्यापिकांनी वृत्तपत्रांतून आंतरराष्ट्रीय घडामोडींवर सातत्याने लिहून सामान्य वाचकाशी थेट संवाद ठेवला. इंग्रजीतून चालणाऱ्या अभ्यासात २००९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या गेटवे हाउस या संस्थेची नोंद घ्यावी लागते. पत्रकार मनजीत कृपलानी आणि माजी राजदूत नीलम देव या दोघींनी ती उभी केली. परराष्ट्र धोरणाचा विचार दिल्लीतच होतो, हा समज तिने काही प्रमाणात तरी बदलला आहे.

मुंबईत हा विषय ऐकायला श्रोते जमतात, याला शहराचे व्यवहार कारण आहेत. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा न्हावाशेवा बंदरातून युरोपला जाणाऱ्या नाशिकच्या द्राक्षांचा प्रवास लांबला आणि भाडे वाढले. रशियन हिऱ्यांवर पाश्चात्त्य देशांनी घातलेल्या निर्बंधांचा परिणाम वांद्रे-कुर्ला संकुलातील हिरे बाजारापर्यंत पोहोचला. आखाती देशांत नोकरीला गेलेल्या माणसांची कुटुंबे मुंबईत आणि कोकणात आहेत. त्यामुळे पश्चिम आशियातील युद्धावरचे व्याख्यान येथे कुतूहलापोटीच ऐकले जाते असे नाही.

अजूनही एक अंतर उरले आहे. युद्धातील निर्वासित, स्त्रियांवरील अत्याचार किंवा एखाद्या स्त्री नेत्याचा विजय असा विषय असला की स्त्री अभ्यासकांना आवर्जून बोलावले जाते. क्षेपणास्त्रे, तेलाचे भाव, सीमावाद असा विषय असला की चर्चेचे व्यासपीठ बहुधा पुरुषांनी भरते. सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी संमत केलेल्या १३२५ क्रमांकाच्या ठरावाने शांतता प्रक्रियेच्या प्रत्येक टप्प्यावर स्त्रियांच्या सहभागाची मागणी केली होती, तरी युद्धविरामाच्या वाटाघाटींत त्या आजही तुरळकच दिसतात. आमसभेचे अध्यक्षपद विजयालक्ष्मी पंडित यांच्यानंतर १९६९, २००६, २०१८ आणि २०२५ अशा चारच वेळा स्त्रीकडे गेले. संयुक्त राष्ट्रांचे आजवरचे नऊही सरचिटणीस पुरुष आहेत. अंतोनियो गुटेरेस यांची मुदत २०२६ च्या अखेरीस संपत असल्याने हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे. सनदेच्या ९७ व्या कलमानुसार सरचिटणीसाची नेमणूक आमसभा करते, पण सुरक्षा परिषदेची शिफारस त्याआधी यावी लागते आणि तेथे पाच स्थायी सदस्यांपैकी कोणालाही नकाराधिकार वापरता येतो. म्हणून या पदासाठी पुढे येणाऱ्या स्त्री उमेदवारांची चर्चा करताना त्यांच्या कर्तृत्वाइतकेच वॉशिंग्टन, मॉस्को आणि बीजिंग येथील हिशेबही समजून घ्यावे लागतील.