प्रवासाची छोटी बाटली उलटी करून बघा

चेनच्या पारदर्शक पाऊचमध्ये चार बाटल्या, दोन डब्या, एक स्प्रे, बोटभर नरसाळं आणि नावं लिहायला चिकटपट्ट्या. प्रवासासाठी शाम्पू, क्रीम, तेल काढून न्यायचा हा सेट आता स्टेशनबाहेरच्या दुकानापासून ऑनलाइनपर्यंत सगळीकडे मिळतो. घेताना आपण रंग बघतो, फार तर एखादं झाकण फिरवून बघतो. तळ कुणी बघत नाही, आणि खरी माहिती तिथेच असते. बऱ्या मालावर तळाशी उठावाचा त्रिकोण असतो आणि त्यात एक आकडा. 1 म्हणजे पीईटी, 2 म्हणजे एचडीपीई (कडक पॉलिथिन), 4 म्हणजे एलडीपीई (मऊ पॉलिथिन), 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, 6 म्हणजे पॉलिस्टायरीन. भंगारातलं प्लास्टिक वेगळं करायला सोपं जावं म्हणून अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने 1988 मध्ये हे आकडे आणले. आपल्याला ते दुसऱ्याच कामाला येतात: या बाटलीत काय भरायचं आणि काय नाही, ते त्यावरून कळतं.

पण प्लास्टिककडे वळण्याआधी गळतीचं बघू, कारण लोकांची मुख्य तक्रार तीच. बॅग उघडावी तर शर्टाला शाम्पूचा वास, आणि झाकण मात्र गच्च बसलेलं.

विमान 35-40 हजार फुटांवर उडतं, तरी केबिनमधली हवा साधारण 8 हजार फुटांवर असते तेवढीच दाट ठेवतात. बोइंग 787 सारख्या नव्या विमानांत ती 6 हजार फुटांइतकी असते. बॅगा ठेवायच्या खालच्या कप्प्यातही दाब तसाच असतो, त्यामुळे चेक-इन केलेली बॅग वेगळ्या नियमाने वागत नाही. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे 101 किलोपास्कल असतो, 8 हजार फुटांवर तो 75 पर्यंत उतरतो. मुंबईत झाकण लावताना बाटलीत जी हवा कोंडली गेली, तिला वर गेल्यावर सव्वापटीहून जास्त, जवळजवळ एक-तृतीयांश जादा जागा हवी असते. 60 मिलीची बाटली अर्धी भरली असेल तर 30 मिली हवेला 40 मिली जागा लागेल. बाटली मऊ असेल तर ती फुगून थोडीफार जागा करून देते. कडक असेल तर सगळा जोर झाकणावर येतो. दाबातला फरक दर चौरस सेंटिमीटरला पाव किलो वजनाइतका. दोन सेंटिमीटर व्यासाच्या तोंडावर हे पाऊण किलोहून जास्त झालं. आटे झिजलेले असतील किंवा आतला वॉशर नसेल तर फट सापडणारच. बाटली उभी असेल तर फटीतून नुसती हवा जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. आडवी किंवा उलटी असेल तर फटीपाशी हवेऐवजी शाम्पू असतो, मग तोच बाहेर ढकलला जातो.

यातून एक गोष्ट निघते जी सहसा कुणी सांगत नाही: जाताना न गळलेली बाटली येताना गळते. जाताना ती भरलेली होती, आत हवा जेमतेम. येताना ती निम्मी रिकामी, म्हणजे फुगायला हवा भरपूर. म्हणून मऊ बाटली घ्यावी आणि दर वेळी झाकण लावण्याआधी ती दाबून हवा काढून टाकावी. दाबलेल्या अवस्थेतच झाकण फिरवायचं. बाटलीचे गाल आत गेलेले दिसतील, ते तसेच राहू द्यावेत. वर गेल्यावर आतल्या उरल्यासुरल्या हवेला पसरायला तीच जागा होते.

यासाठी विमानातच बसायला हवं असं नाही. महाबळेश्वर साधारण 1,350 मीटरवर आहे आणि तिथला दाब किनाऱ्यापेक्षा 15 टक्क्यांच्या आसपास कमी असतो. मुंबईहून नेलेलं वेफर्सचं पाकीट घाट चढल्यावर टम्म फुगतं, ते याच कारणाने. लेहची तर वेगळीच गंमत. तिथला विमानतळच 3,250 मीटरच्या आसपास उंचीवर असल्यामुळे उतरताना केबिनमधला दाब वाढण्याऐवजी आणखी कमी होतो. मुंबईत कोंडलेली हवा लेहला जवळपास दीडपट जागा मागते. तिथे हॉटेलवर क्रीमची डबी उघडताना ती अंगापासून लांब धरावी.

झाकणाबद्दल थोडं. अंगठ्याने उचकटायचं झाकण सोयीचं असतं, पण त्याची बिजागरी नीट बघून घ्यावी. ही बिजागरी म्हणजे प्लास्टिकची एक पातळ पट्टी, झाकणासकट एकाच साच्यातून निघालेली. ती बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची असते, कारण या प्लास्टिकचे लांबलचक रेणू वारंवार दुमडल्यावर पट्टीच्या आडव्या दिशेत रांगेत बसतात आणि हजारो वेळा उघडमिट सोसतात. दुकानात झाकण दहा वेळा उघडझाप करा. दुमडीवर फिकट पांढरी रेघ उमटणं चालेल, पण ती खडूसारखी पांढरी होऊन खरखरीत लागत असेल तर आत बारीक पोकळ्या पडायला लागल्या आहेत, ते झाकण जास्त दिवस टिकायचं नाही. आतल्या बाजूला छोटा खुंटा असतो, तो भोकात टक् करून बसला पाहिजे. पंपाची बाटली बॅगेत नेऊच नये असं माझं मत. पंपाने जेवढं लोशन बाहेर येतं तेवढी हवा आत जायला वाट ठेवावीच लागते, आणि प्रवासात लोशन त्याच वाटेने बाहेर येऊ शकतं. तळातून सरकती चकती वर येणारे बिनहवेचे पंप मिळतात, ते याला अपवाद. जाड क्रीमला ते उत्तम.

आता तळावरचे आकडे. प्लास्टिक म्हणजे प्लास्टिक, कशातही काहीही भरा, असं आपण धरून चालतो. तसं नसतं.

साबणाचंच घ्या. साबणाचं पाणी पॉलिथिनला विरघळवत नाही, की त्याच्याशी रासायनिक क्रियाही करत नाही. तरीही ताण असलेल्या जागी ते पॉलिथिनला तडे पाडतं. ताणलेल्या भागात साबणाचे रेणू सूक्ष्म फटींत शिरतात, प्लास्टिकच्या साखळ्यांची एकमेकींवरची पकड ढिली करतात, साखळ्या घसरतात आणि फट वाढत जाते. टेलिफोनच्या केबलवर पॉलिथिनचं आवरण आलं तेव्हा हा त्रास लक्षात आला, आणि बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेतून त्यासाठी एक चाचणी पुढे आली: प्लास्टिकच्या पट्टीला चीर द्यायची, ती वाकवून साबणासारख्या द्रावात बुडवून ठेवायची आणि तडा कधी जातो ते बघायचं. शाम्पूचे कारखाने पॉलिथिनचा योग्य प्रकार आणि योग्य जाडी निवडतात, म्हणून त्यांच्या एचडीपीईच्या बाटल्या वर्षानुवर्षं टिकतात. स्वस्त सेटमधल्या पातळ बाटलीबद्दल ती खात्री नाही. तिचा तडा बहुधा मानेपाशी जातो, कारण झाकण जोर लावून आवळल्याचा ताण तिथेच असतो. गळू नये म्हणून जीव खाऊन आवळलेलं झाकणच असं गळतीला निमंत्रण देतं. शाम्पू आणि बॉडी वॉशसाठी जरा जाड एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे 2 किंवा 5, घ्यावं.

काचेसारख्या लखलखीत, कडक डब्या दिसायला छान असतात. त्या अनेकदा पॉलिस्टायरीनच्या किंवा ॲक्रिलिकच्या असतात. थर्माकोलही पॉलिस्टायरीनच. संत्र्याची साल थर्माकोलवर पिळली की खड्डा पडतो, कारण सालीतल्या तेलातलं लिमोनीन त्याला विरघळवतं. निलगिरीचं तेलही याच जातीचं, आणि नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन तर दोन्ही प्लास्टिकांचा फडशा पाडतं. अशा डबीत साधं क्रीम ठेवा, सुवासिक तेलं नको. त्यांना आणि अत्तराला छोटी काचेची कुपीच बरी. वजन पडलं तर पडलं.

सिलिकोनच्या रंगीत, गुबगुबीत बाटल्यांची सध्या चलती आहे. पिळायला सोप्या, पडल्या तर फुटत नाहीत, उकळत्या पाण्यात धुता येतात, आणि मघाशी सांगितलेलं हवा काढायचं काम यांच्याइतकं छान कशातच होत नाही. शाम्पूला मी त्यांनाच पहिली पसंती देईन. पण सिलिकोनच्या साखळ्या फार सैल असतात. पॉलिथिनच्या तुलनेत त्यातून ऑक्सिजन शेकडो पटींनी सहज जातो, आणि वासाचे रेणू त्यात मुरून बसतात. आधीच्या शाम्पूचा वास पुढच्या क्रीमला लागतो, कितीही धुवा. तेल भरलं तर काही दिवसांत बाहेरून बोटाला ओशट लागायला लागतं. केसांचं सीरम तर यात अजिबात भरू नये. त्यातला मुख्य घटक बहुतेक डायमेथिकोन, म्हणजे पातळ सिलिकोनच. सजातीय म्हटल्यावर बाटली ते शोषते, फुगते आणि लिबलिबीत होते.

आपल्याकडच्या प्रवासात खोबरेल असतंच. ते 24-25 अंशांखाली गोठतं, त्यामुळे डिसेंबरात सिमल्याला निमुळत्या तोंडाची बाटली घेऊन गेलात तर रोज सकाळी ती गरम पाण्यात धरून बसावं लागेल. त्यापेक्षा रुंद तोंडाची, आट्यांच्या झाकणाची डबी न्यावी आणि बोटाने तेल काढावं.

बाटलीचा आकार ठरवताना परदेशी जाणाऱ्यांना हातातल्या बॅगेतल्या द्रवांचा 100 मिलीचा नियम आठवतो. ऑगस्ट 2006 मध्ये ब्रिटनच्या पोलिसांनी अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांत शीतपेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेण्याचा कट उघडकीला आणला, आणि त्यातून हा नियम आला. त्यात मोजतात ती बाटलीची क्षमता. 200 मिलीच्या बाटलीत तळाशी चमचाभर शाम्पू असला तरी जिथे हा नियम लागू आहे तिथे ती हातातल्या बॅगेतून जात नाही. पण 100 मिली चालतं म्हणून तेवढी मोठी बाटली घेण्यात अर्थ नाही. आठवड्याच्या प्रवासाला एका माणसाला 30-40 मिली शाम्पू बहुतेक पुरतो, आणि मोठी बाटली अर्धी भरली की पुन्हा हवेचं लचांड.

भरण्याइतकंच महत्त्वाचं आहे पुन्हा भरणं, आणि इथे आपली एक घरगुती सवय आड येते. शाम्पू संपत आला की बाटलीत पाणी घालून, खळखळवून आपण दोन दिवस आणखी काढतो. घरी दोन दिवसांत संपवला तर बिघडत नाही. पण तोच पातळ शाम्पू प्रवासाच्या बाटलीत महिनाभर कपाटात पडून राहिला तर वेगळं. शाम्पूतलं जंतुरोधक ठरावीक प्रमाणात असतं. पाण्याने ते विरळ होतं आणि स्यूडोमोनास जातीच्या जिवाणूंना साबणाच्या पाण्यातही संसार थाटता येतो. अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत पुन्हापुन्हा भरायच्या साबणपेट्यांवर झालेला अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या दूषित द्रवसाबणाने हात धुतल्यावर हातांवरचे ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू (स्यूडोमोनास याच गटातले) कमी होण्याऐवजी 26 पट झाले होते.

म्हणून जुन्यावर नवं भरू नये. आधी बाटली रिकामी करावी, धुवावी आणि, हे सगळ्यात महत्त्वाचं, झाकण काढून पूर्ण वाळवावी. मानेजवळच्या आट्यांत आणि झाकणातल्या वॉशरखाली ओल राहते, वॉशर सुईने उचकटून तो वेगळा वाळत घालावा. गरम पाणी किती गरम, तेही आकडाच सांगतो. पॉलिप्रॉपिलीन 160 अंशांच्या पुढे वितळतं, त्यामुळे उकळतं पाणी त्याला सोसतं. पीईटी 70-80 अंशांनाच मऊ पडायला लागतं. त्यात उकळतं पाणी ओतलं की बाटली डोळ्यांदेखत आक्रसून वाकडी होते. तिला कोमट पाणीच.

काही गोष्टी मात्र मूळ बाटलीतून काढूच नयेत. सनस्क्रीन ही पहिली. ते कंपनीने ज्या बाटलीत तपासलं त्याच बाटलीत किती टिकतं हे माहीत असतं. पारदर्शक डबीत उजेडाने त्यातले काही घटक खराब होतात, आणि मुदतीची तारीख मूळ बाटलीवरच राहून जाते. मुरमांवरचं बेंझॉइल पेरॉक्साइड, व्हिटॅमिन सीचं सीरम आणि डॉक्टरांनी दिलेली मलमं यांचंही तेच. त्यांच्या लहान ट्यूब मिळाल्या तर त्याच घ्याव्यात. शिकेकाई, उटणं आणि साबणाची वडी नेणाऱ्याला यातली बरीचशी काळजी नाही. फक्त वडीला तळाशी भोकं असलेली डबी हवी, आणि पॅक करण्याआधी ती रात्रभर उघड्यावर सुकवायला हवी. बंद डबीतली ओली वडी सुकत नाही, पाणी पिऊन तिचा लगदा होतो.