पोहणं, मन आणि मुंबईचे तलाव : पार्श्वभूमी

18व्या शतकात इंग्लंडमधले डॉक्टर समुद्रस्नान औषधासारखं लिहून देत. मुंबईकर पोहायला शिकला तो विहिरीत, खाडीत, बाणगंगेसारख्या तळ्यांत. ब्रीच कँडीचा तलाव स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं गोऱ्यांपुरताच राखीव होता. सर्वसामान्यांना खरा आधार मिळाला तो दादर, चेंबूर, मुलुंड, कांदिवलीच्या सार्वजनिक तलावांचा. तिथेही आखणी झाली ती स्पर्धा आणि शिकाऊ मुलं डोळ्यांसमोर ठेवून. लोकल पकडण्याआधी सकाळची बॅच गाठणारा पन्नाशीचा माणूस त्या हिशेबात नव्हता. तो तिथे कशासाठी येतो, हे 2020पर्यंत कुणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं.

मार्च 2020मध्ये कोरोनामुळे तलाव बंद झाले. ते योग्यच होतं. वाद आहे तो पुढच्या निर्णयांबद्दल. त्या वर्षीच्या दसऱ्याला राज्यातल्या व्यायामशाळा उघडल्या. नोव्हेंबरात तलावांनाही परवानगी मिळाली, पण फक्त राज्य, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूंच्या सरावासाठी. जानेवारी 2022मध्ये तिसरी लाट आली, तेव्हा आधी व्यायामशाळा आणि तलाव दोन्ही बंद करण्याचा आदेश निघाला. दुसऱ्याच दिवशी व्यायामशाळांना निम्म्या क्षमतेची मुभा मिळाली. तलावांना त्यासाठी फेब्रुवारी उजाडावा लागला.

बंदीच्या बाजूनेही मुद्दा होता. पाण्यात मास्क लावता येत नाही आणि कपडे बदलायच्या खोल्यांत गर्दी होते. पण क्लोरीनच्या पाण्यातून हा विषाणू पसरल्याचा पुरावा नव्हता, आणि बंदिस्त व्यायामशाळेत धापा टाकणाऱ्यांची सोय लावता येत होती, तर उघड्या तलावावर बॅच लहान करणं अशक्य नव्हतं. नियमांत पोहणं एकतर खेळ होतं, नाहीतर करमणूक. झोप लागावी, जीव घाबरा होऊ नये म्हणून पोहणाऱ्या प्रौढांसाठी तिसरा रकाना कुणी आखलाच नाही. गुडघे गेलेल्यांना ‘मग चाला’ असं सांगून चालत नाही. गळ्यापर्यंतच्या पाण्यात सांध्यांवर वजनाचा साधारण दहावा हिस्साच येतो, म्हणून तर ते पाण्यात उतरतात.

मनावर होणारा परिणाम कशामुळे, याची काही उत्तरं ठाऊक आहेत. ठरावीक लयीत, सावकाश सोडलेल्या श्वासामुळे शरीराचा ताण उतरतो. मोबाइल काठावर राहतो. रोज तीच माणसं भेटतात, आणि एकट्या राहणाऱ्यांना त्याचं मोल फार असतं. नैराश्यात व्यायामाचा उपयोग होतो, याला भक्कम पुरावा आहे. फक्त पोहण्याबद्दलचा पुरावा अजून तोकडा आहे.

तरी अलीकडे मोबाइलवर फिरतात ते थंड पाण्याचेच किस्से. त्यांतलं एक उदाहरण 2018मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं : ब्रिटनमधली 24 वर्षांची एक तरुणी दर आठवड्याला थंड पाण्यात पोहू लागली आणि तिची नैराश्यावरची औषधं सुटली. ते एकाच रुग्णाचं निरीक्षण होतं, आणि पाणी तिकडचं होतं. मुंबईतलं पाणी जानेवारीतही तितकं गार नसतं. इथल्या कुणी त्या भरवशावर गोळ्या सोडू नयेत. काही गोळ्यांनी गुंगी येते. बॅचला नाव घालण्याआधी ते डॉक्टरांना विचारावं आणि काठावरच्या जीवरक्षकालाही सांगून ठेवावं.