यादीतलं कोल्हापूर आणि कट्ट्यावरचं कोल्हापूर

वारसा यादी आणि सांस्कृतिक नकाशा हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. दोन्हींत 'आपल्या शहराकडे काय आहे' हाच प्रश्न असल्यामुळे घोळ होतो. कोल्हापूर समोर ठेवलं की फरक लगेच दिसतो.

वारसा यादी असते वास्तूंची. अंबाबाईचं देऊळ, भवानी मंडप, शाहू महाराजांच्या काळात १९१२ साली झालेलं खासबाग मैदान, त्याला लागूनच १९१५ साली उभं राहिलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आताचं केशवराव भोसले नाट्यगृह. ही यादी जाणकार करतात. बांधकाम किती जुनं, शैली कुठली, मालकी कोणाची, एवढं बघतात. एकदा नाव चढलं की पाडापाडीला परवानगी लागते. तिचा खरा उपयोग तोच, आणि तो लहान नाही.

सांस्कृतिक नकाशात वास्तू असेलच असं नाही. माणसं कुठं जमतात, काय करतात, कोण कोणाला काय शिकवतं, हे त्यात येतं, आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही. विचारण्यातही गोम आहे. 'तुमच्या भागाचं सांस्कृतिक वैभव सांगा' म्हटलं की समोरचा सावरून बसतो आणि अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा, चप्पल एवढं सांगून मोकळा होतो. फिरून यादीच हातात. त्यापेक्षा 'काल संध्याकाळी कुठं होता?' असं विचारावं. 'कुठं असणार, कट्ट्यावरच की!'

हा दूधकट्टा. गंगावेशीत म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळता ग्लास तिथंच उभ्याउभ्या रिकामा होतो. ओठावरचा फेस पुसता पुसता गावातल्या भानगडी निघतात. इथं जतन करायला एक दगडही नाही. रस्त्याची कड, चार म्हशी आणि ठरल्या वेळी येणारी माणसं. उद्या तिथं पार्किंगचे पट्टे आखले तर कोणाची परवानगी लागणार?

तालीम हा शब्दच बघा. यादी करणाऱ्याला ती कुस्तीच्या लाल मातीच्या हौद्याची जुनी इमारत. पेठेतल्या पोराला विचारलं तर तालीम म्हणजे फुटबॉलची टीम: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ रिकामी. त्याच पोराच्या आजोबांना विचारलं तर गणपती आणि मोहरमचे पंजे, दोन्ही तालमीतच. कुठं हौद्यात उतरणारं कोणी उरलेलं नाही, पण म्हणून तालीम बंद पडली असं पेठेत कोणी म्हणणार नाही. तिघांची तालीम वेगळी, आणि यादीत त्यातली एकच मावते.

गप्पांनाही खोड असतेच. जो भेटतो त्याचंच गाव नकाशात उतरतं, आणि कट्ट्यावर भेटतात ते बहुतेक बाप्ये. बायकांना त्यांच्या वेळेला, त्यांच्या दारात विचारलं की आषाढातली टेंबलाईदेवीची जत्रा येते: पंचगंगेचं नवं पाणी कलशात भरून, पी ढबाक या पारंपरिक वाजपाच्या तालावर, गल्लीगल्लीतून देवीच्या टेकडीपर्यंत. शिवाय म्हातारपणी आठवणी जरा गोड होतात. म्हणून एकाच घरातून आलेली गोष्ट मी पेन्सिलीनं लिहितो. एकमेकांशी बोलणं नसलेल्या तीन घरांतून तीच आली, तर शाईनं.

ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडलं. यादीच्या हिशेबानं शतकभर जुनी वास्तू जळाली आणि ती पुन्हा उभी करायचं काम हाती घेतलं गेलं. हौशी नाटकवाल्याचा हिशेब वेगळा. राज्य नाट्य स्पर्धेची फेरी कुठं होणार, आणि तोवर परवडेल अशी तालीम कुठं करायची? ही चौथी तालीम, मातीची नव्हे, नाटकाची.