गाठ नाही, डिंक नाही, तरी कापड सुटत का नाही?

कुणालाही विचारून बघा, अंगातला शर्ट सुटा का होत नाही? बहुतेक जण म्हणतात धागे एकमेकांत गुंतलेत म्हणून. पण गुंतलेत म्हणजे नक्की काय? गाठ तर एकही नाही. साध्या विणीत आडवा धागा एका उभ्या धाग्याच्या वरून जातो, पुढच्याच्या खालून, परत वरून, बस एवढंच. कागदावर चित्र काढलंत तर दिसेल की तो धागा एका टोकाला धरून सरळ ओढला तर बाहेर यायला काहीच अडचण नसावी. आणि खुद्द धागा तरी काय असतो? कापसाचा तंतू साधारण 25 ते 30 मिलिमीटरचा, म्हणजे इंचभर. असे इंचभराचे तुकडे, तेही कुठे चिकटवलेले नाहीत, आणि त्यांची साडी होते सहा वार, नऊ वार.

छोट्या फ्रेमच्या मागावर हाताने विणायला शिकताना हा प्रश्न बोटांना पहिल्या दिवसापासून जाणवतो, आणि माझ्या मते विणकाम शिकण्यातला सगळ्यात भारी भाग हाच आहे. आजकाल ऑनलाइन असले छोटे लूम किट भरपूर मिळतात, त्यावर लिहिलेलं असतं की विणल्याने डावा आणि उजवा मेंदू दोन्ही जागे होतात वगैरे. डाव्या मेंदूची माणसं आणि उजव्या मेंदूची माणसं ही कल्पनाच मुळात चुकीची आहे, कुठल्याही कामात मेंदूचे दोन्ही भाग चालूच असतात, त्यासाठी किट विकत घ्यायची गरज नाही. लाकडी फोटोफ्रेम घ्या, वर-खाली अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर खिळे ठोका, झाला माग.

आधी पिळाबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एक हातभर सुती दोरा घ्या, एक टोक खिळ्याला बांधा, दुसरं टोक बोटात धरून एकाच दिशेने पिळत रहा, दोरा वेटोळी घ्यायला लागेपर्यंत. आता ताण न सोडता मधोमध बोट लावून दोरा दुमडा, दोन्ही टोकं एकत्र धरा आणि बोट सोडा. दोन्ही पदर आपोआप एकमेकांभोवती गुंडाळले जातात, आणि नीट बघा, उलट्या दिशेने. कारण प्रत्येक पदराला आपला पीळ उकलायचा असतो. तो उकलायला फिरतो तेव्हा शेजारच्या पदराभोवती चढतो, आणि जितका चढतो तितका जोड घट्ट होतो. शेवटी दोन्हीकडचा जोर बरोबरीत येतो आणि दोर तिथे शांत बसतो, सोडला तरी सुटत नाही. सुतळी, चऱ्हाट, नाडा, जहाजाचा दोरखंड, सगळ्यांचं तत्त्व हेच. जानव्यातसुद्धा तीन पदरी सूत घेऊन ते परत तिहेरी करून उलटा पीळ देतात. कानाला जानवं गुंडाळलं की नसा दाबल्या जाऊन ब्लडप्रेशर कंट्रोल होतं असले फॉरवर्ड दरवर्षी फिरतात, त्याला काही आधार नाही. विज्ञान शोधायचंच असेल तर ते त्या उलट्या पिळात आहे, आणि ते खरंच सुंदर आहे.

ही युक्ती किती जुनी? फ्रान्समधल्या आब्री द्यु मारास या ठिकाणी दगडी हत्याराच्या खालच्या बाजूला चिकटलेला दोरीचा एक तुकडा सापडला, 2020 मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जेमतेम 6 मिलिमीटर लांब, झाडाच्या आतल्या सालीचे तंतू, तीन पदर, प्रत्येक पदराचा पीळ एका दिशेचा आणि तिघांचा मिळून उलट दिशेचा. वय 41 ते 52 हजार वर्षं, करणारे निअँडरथल, म्हणजे माणसाचे नामशेष झालेले जवळचे भाऊबंद. संशोधकांनी त्यावरून असंही म्हटलं की त्यांना जोड्या, संच, संख्या यांची गणिती समज होती, आणि मग बातम्यांमध्ये ते थेट गणितज्ञच झाले. मला हे जरा ताणलेलं वाटतं, कारण वर सांगितलेला प्रयोग करून बघा, उलटा पीळ दोरा स्वतःच देतो, माणसाला फक्त तो ओळखून परत परत करायचा असतो. अर्थात 6 मिलिमीटरच्या तुकड्यातून एवढं कळलं ही गोष्ट मोठीच आहे.

आता इंचभराच्या तंतूंकडे या. हा प्रश्न गॅलिलिओलाही पडला होता, 1638 च्या त्याच्या पुस्तकात तो विचारतो की दोन-तीन हातांचे तंतू मिळून शंभर हातांचा दोर कसा काय टिकतो. थोडक्यात उत्तर असं, की पिळामुळे तंतू मळसूत्रासारखे गोल फिरलेले असतात, दोर ओढला की ते सरळ व्हायला बघतात आणि आतल्या तंतूंना दाबतात, दाब वाढला की घर्षण वाढतं. म्हणजे जितकं ओढाल तितकी पकड जास्त. पूर्ण गणित मात्र खूप उशिरा जमलं, 2018 साली वॉरन, बॉल आणि गोल्डस्टीन या संशोधकांनी दाखवलं की तंतूंमधलं घर्षण आणि गुंतणं एका मर्यादेपर्यंत असेल तर धागा सरकून निसटतो, आणि ती मर्यादा ओलांडली की एकदम लॉक होतो, मग तो निसटत नाही, तुटतो. कापसाचा पेळू, म्हणजे न पिळलेली पिंजलेल्या कापसाची वळी, हाताने अलगद ओढून दोन भाग करता येतात, त्याच कापसाचं सूत बोट कापेल पण निसटणार नाही, ते यामुळे.

आता माझा सगळ्यात लाडका भाग. बैलाचं दावं खुंट्याला दोन-तीन वेढे देऊन टोक नुसतं हातात धरलं तरी बैल हलत नाही, हे गावाकडे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. याचं समीकरण ऑयलर आणि आयटेलवाईन यांच्या नावाने ओळखलं जातं. समजा दोर खुंट्याभोवती अगदी थोडासा, एखादा अंश वळला. तेवढ्या वळणात दोर खुंट्याला दाबतो, आणि हा दाब दोरातल्या ताणाच्या प्रमाणात असतो. दाबाच्या प्रमाणात घर्षण, म्हणून घर्षणाने जेवढा ताण खाल्ला जातो तोही त्या ठिकाणच्या ताणाच्या प्रमाणातच. पुढच्या अंशाला उरलेल्या ताणाचा परत तेवढाच हिस्सा जातो, त्याच्या पुढच्या अंशाला परत. हे चक्रवाढ व्याजासारखं आहे, फक्त उलट्या दिशेने. म्हणून ताण वेढ्यांबरोबर सरळ रेषेत कमी होत नाही, घातांकाने कमी होतो. घर्षणांक, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात याचा आकडा, 0.3 धरा. एका पूर्ण वेढ्याला ताणाचं गुणोत्तर 6.6, दोन वेढ्यांना 43, तीन वेढ्यांना 285. बैलाने 200 किलोचा जोर लावला तरी तीन वेढ्यांनंतर हातावर पाऊण किलोसुद्धा येत नाही. आणि गंमत म्हणजे या सूत्रात खुंट्याची जाडी कुठे येतच नाही. किती अंश वळला एवढंच महत्त्वाचं, त्यामुळे जे मनगटाएवढ्या खुंट्याला लागू तेच अर्ध्या मिलिमीटरच्या उभ्या धाग्यालाही लागू.

आता फ्रेमवर या. 20 सेंटिमीटर रुंदी, अर्ध्या सेंटिमीटरवर एक असे 40 उभे धागे, म्हणजे ताणा. आडवा धागा, म्हणजे बाणा, प्रत्येक उभ्या धाग्यावरून 30 अंशाने चढतो आणि 30 अंशाने उतरतो असं धरू, म्हणजे दर धाग्याला 60 अंशाचं वळण. 40 धाग्यांचं मिळून 2400 अंश, म्हणजे साडेसहा वेढ्यांहून जास्त. तोच 0.3 घर्षणांक घेतला तर गुणोत्तर येतं पावणेतीन लाखांच्या वर. गाठ एकही नाही आणि पकड पावणेतीन लाख पट! खरं कापड एवढं आदर्श वागत नाही, धागा दबतो, सरकतो, वळणं सैल होतात, पण अंदाज यायला हे पुरेसं आहे. जुन्या पंच्याच्या कडेचा एक धागा नखाने उचलून सरळ ओढून बघा, आधी कापड चुण्या घेत गोळा होतं, धागा थोडासा येतो आणि मग मध्येच तुटतो. तोच धागा कडेने, कापडापासून वरच्या बाजूला अलगद उचलला तर सहज सुटत जातो, कारण आता तुम्ही एका वेळी एकच वळण सोडवताय, चक्रवाढीला संधीच नाही. कडा उसवतात त्या अशाच.

इथे सूत्रातली एक अट लक्षात घ्या. पावणेतीन लाख गुणिले शून्य म्हणजे शून्यच. दुसऱ्या टोकाला थोडा तरी ताण हवा, खुंट्याचं दावं कुणीतरी हातात धरायला हवं. कापडात तो हात कुणाचा? मागावर असताना ताण्याचा, कारण ताणलेले उभे धागे बाण्याला सतत दाबत असतात. मागावरून तुकडा कापून काढला की तो ताण जातो, मग फक्त धाग्यांच्या वाकलेपणातला कडकपणा आणि शेजारच्या ओळींचा दाब उरतो, आणि अगदी शेवटच्या ओळीला तर एका बाजूने शेजारीच नसतो. म्हणून सुटते ती आधी शेवटची ओळ, म्हणून रुमालाला दुमड घालतात, सतरंजीला गोंडे बांधतात, आणि म्हणूनच फ्रेमवर विणताना पहिली आणि शेवटची ओळ साधी न घालता ट्वायनिंगची घालायला शिकवतात.

ट्वायनिंग म्हणजे काय, तर एकाच्या ऐवजी दोन आडवे धागे. रुंदीच्या पाचपट लांब धागा घ्या, मधोमध दुमडून पहिल्या उभ्या धाग्यात अडकवा, एक पदर पुढे, एक मागे. पुढचा पदर मागे न्या, मागचा पुढे आणा, दोघांचा पीळ पडला की पुढचा उभा धागा त्यांच्या मध्ये घ्या. परत पीळ, परत धागा. दिशा बदलायची नाही. हे नीट बघितलं की कळतं, आपण दोर वळतोय आणि प्रत्येक पिळात एक उभा धागा पकडत चाललोय! साध्या विणीत एका ओळीत उभ्या धाग्याला एकाच बाजूने स्पर्श होतो, इथे पुढून आणि मागून एकदमच चिमटा बसतो, शिवाय दोन्ही पदर एकमेकांना धरून असतात, एक ओढला की तो दुसऱ्याला आवळतो. त्यामुळे उभे धागे आपापल्या जागी ठरलेल्या अंतरावर राहतात, ताणा सैल झाला तरी ओळ सरकत नाही. सगळ्या ओळी एकाच दिशेने पिळल्या तर तुकडा तिरका व्हायला बघतो, म्हणून एक ओळ उजवीकडे, पुढची डावीकडे असं करतात, आणि मग दोन ओळी मिळून साखळीसारखी नक्षी दिसते.

दोन पदर दोन रंगांचे घेतले तर अजून एक गोष्ट हातात येते. अर्धा पीळ दिला की पुढचा रंग बदलतो, पूर्ण पीळ दिला की तोच रंग पुढे राहतो. बस, एवढ्या दोन हालचालींवर हवी ती नक्षी बनवता येते, अर्धा की पूर्ण, अर्धा की पूर्ण. न्यूझीलंडच्या माओरी लोकांची तानिको नावाची नक्षीदार किनार अशीच रंगीत पदर पिळून, मागाशिवाय, नुसत्या बोटांनी करतात.

हे तंत्र जुनंही तितकंच. चेक प्रजासत्ताकातल्या दोल्नी व्हेस्तोनित्से इथे भाजलेल्या मातीच्या तुकड्यांवर विणलेल्या वस्तूंचे ठसे सापडले, साधारण 27 हजार वर्षांपूर्वीचे, त्यात ट्वायनिंग स्पष्ट दिसतं. पेरूमधल्या वाका प्रिएता इथे 1946-47 च्या उत्खननात सुती कापडाचे हजारो तुकडे निघाले, त्यातले बहुसंख्य ट्वायनिंगचे. मग हे मागे का पडलं? कारण हिशोबाचं आहे. साध्या विणीत एक सोय आहे, सगळे विषम क्रमांकाचे उभे धागे दोऱ्यांच्या फासांनी एकदम उचलता येतात, तयार झालेल्या फटीतून धोटा, म्हणजे बाणा गुंडाळलेलं साधन, फेकला की ओळ झाली, 40 धागे असोत की 4000, उचलायची हालचाल एकच. ट्वायनिंगमध्ये दर धाग्याला पीळ द्यावाच लागतो, 4000 धागे तर 4000 पीळ, आणि दोन पदर एकमेकांना ओलांडत असल्यामुळे नुसती फट उघडून काम भागत नाही. ज्या दिवशी तो दोऱ्याचा फास सुचला त्या दिवशी शर्यत संपली. तरी हाताने एकेक धागा मोजत रंग बदलायचं काम काही ठिकाणी टिकून आहे, येवल्याच्या अस्सल हातमागावरच्या पैठणीचा पदर बघा, तिथे वीण साधीच आहे पण प्रत्येक रंगाचा बाणा वेगळ्या छोट्या कांडीवर असतो आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे एकमेकांत अडकवून परत फिरवतात, म्हणून मोर मागूनही तसाच दिसतो.

फ्रेमवर सुरुवात करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा तुकडा मध्येच कंबर काढतो, म्हणजे दोन्ही कडा आत ओढल्या जातात. याचंही कारण वरच्याच वळणांमध्ये आहे. बाणा 30 अंशाने चढत-उतरत जाणार असेल तर 20 सेंटिमीटर रुंदीला त्याला 23 सेंटिमीटर लांबी लागते. तुम्ही सरळ ताणून घातला तर ते जास्तीचे तीन सेंटिमीटर तो कडा ओढून वसूल करतो. म्हणून धागा घालताना वरच्या बाजूला कमान करून सोडायचा आणि मग कंगव्याने मधून कडेकडे ठोकत आणायचा.

धागा निवडतानाही घर्षणांक डोक्यात ठेवा. ताण्याला घट्ट पिळाचा, न ताणला जाणारा सुती दोरा, बाण्याला खरखरीत लोकर, तिच्या तंतूंवर खवले असतात म्हणून ती छान धरून बसते. रेशीम किंवा नायलॉन घ्यायचंच असेल तर घर्षणांक कमी, आणि तो घातांकात बसलेला, म्हणजे 0.3 चा 0.15 झाला तर पावणेतीन लाखांचे जेमतेम पाचशे-साडेपाचशे उरतात. अशा वेळी उभे धागे जवळ जवळ घ्या आणि दर चार-पाच ओळींनी एक ओळ ट्वायनिंगची टाका.