बोनस होता की नव्हता? मैदानावरच्या 'लाइव्ह'ची पार्श्वभूमी

प्रभादेवी-लालबाग पट्ट्यात कबड्डीची स्पर्धा असली की गुणलेखकाच्या टेबलाशेजारी ट्रायपॉडवर एक मोबाइल हमखास दिसतो. तिकडे मालवणात बसून सामना बघणारे खाली लिहीत असतात, 'दादा, आवाज येतोय, चित्र अडकलंय.' आणि अडकतं ते नेमकं शेवटच्या चढाईला.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा ते फोनच्या तारेतून किरकिरत यायचं. पुढे ५६ केबीपीएसचे, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट्सचे मोडेम आले. त्यावर दिसणारा व्हिडिओ म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढी चौकट आणि तिच्यात हलणारे ठिपके. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं गेलं. ती व्याख्या २०१३ मध्ये ५१२ वर आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएसवर, म्हणजे सुमारे २००० केबीपीएसवर गेली. ७२०पी, म्हणजे ७२० ओळींचं चित्र नीट पाठवायला साधारण ४ एमबीपीएस लागतात, म्हणजे २००४ च्या व्याख्येच्या जवळपास सोळापट.

बरं, व्याख्येतले हे सगळे आकडे डाउनलोडचे. टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड मुळातच असं आखलेलं, की घरात येणारी वाट रुंद आणि बाहेर जाणारी अरुंद. बघणाऱ्याचं त्यावर भागतं. मैदानाला मात्र पाठवायचं असतं. २०१० मध्ये आयपीएल यूट्यूबवर थेट दिसली, पण तिच्या मागे टीव्हीचा सगळा लवाजमा होता. मंडळांच्या हाती 'लाइव्ह' आलं ते सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर, डेटा स्वस्त झाला तेव्हा.

डेटा स्वस्त झाला तरी टॉवर सगळ्यांचा एकच. अंतिम सामन्याला गर्दी जमते, जो तो फोन काढून स्टेटस टाकतो आणि आयोजकांच्या वाट्याला उरते ती सुतळी. त्यातून कबड्डीचं चित्र पाठवायचं. कॅरमचं सोपं असतं: कॅमेरा वरून रोखलेला, पट स्थिर, हलतात त्या सोंगट्या. आधीच्या फ्रेमपेक्षा जेवढं बदललं तेवढंच पाठवलं की झालं. कबड्डीत चढाईपटू झेपावतो, सात जण सरकतात, कॅमेरा त्यांच्यामागे फिरतो. पडद्यावरचं जवळजवळ सगळंच बदलतं. ठरलेल्या बिट्समध्ये ते मावत नाही, मग बारकावे गाळले जातात आणि चित्राचे चौकोन पडतात.

२००९ पासून एचएलएससारख्या व्हिडिओ पोचवायच्या पद्धतींनी एकाच चित्राच्या लहानमोठ्या प्रती ठेवून बघणाऱ्याच्या नेटप्रमाणे बदलायची सोय केली. पण मैदानातूनच जे गेलं नाही ते पुढे कुठून येणार? मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागलं तेव्हा ओटीटीवाल्यांनी मोबाइल नेटवर्कवर एचडी बंद करून ४८०पी ठेवलं. मालिका बघणाऱ्यांचं त्यात फार काही बिघडलं नाही. माझंही मत तेच, धापा टाकणाऱ्या १०८०पी पेक्षा न अडकणारं ४८०पी बरं. आणि जमलं तर सिमवर विसंबूच नये, शेजारच्या चाळीतल्या पहिल्या मजल्यावरून लॅनची वायर खाली सोडावी.

आम्ही एका वर्षी ती सोडली नव्हती. अंतिम सामन्यात बोनसवरून वाद पेटला. बोनससाठी एक पाय रेषेपलीकडे टेकलेला आणि मागचा हवेत असावा लागतो. रेकॉर्डिंग लावलं, चार वेळा मागे घेतलं. पायांच्या जागी तीन तपकिरी चौकोन होते. रेषा दिसतच नव्हती.