ड्रोन पत्रकारिता

बातमीसाठी दूरनियंत्रित, वैमानिकरहित यंत्राला कॅमेरा जोडून हवेतून छायाचित्रे, चित्रफिती आणि मोजमापे मिळवण्याची पद्धत. पूर, दरड, दुष्काळ, मोर्चा, वाळूउपसा, शहराच्या कडेचे कचऱ्याचे डोंगर असे जमिनीवर उभे राहून एका नजरेत न मावणारे विषय तिच्या कक्षेत येतात. हेच यंत्र पोलिसांच्या हाती पाळतीचे साधन असते. वरून कोणी पाहायचे आणि कोणाला पाहू द्यायचे नाही, हा वाद त्यामुळे या पत्रकारितेला सुरुवातीपासून चिकटलेला आहे. तिचे शिक्षणही याच वादातून घडत गेले.

वरून पाहण्याची ओढ जुनी आहे. फ्रेंच छायाचित्रकार नादार याने १८५८ मध्ये फुग्यातून छायाचित्र घेतले. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झाले, तेव्हा जॉर्ज लॉरेन्स याने पतंगांच्या माळेला जड कॅमेरा टांगून त्या शहराचे विस्तीर्ण छायाचित्र काढले. १९५८ मध्ये लॉस एंजेलिसच्या केटीएलए वाहिनीने बातम्यांसाठी हेलिकॉप्टर आणले, पण ते मोठ्या वाहिन्यांनाच परवडणारे काम होते. उद्धव ठाकरे यांनी गडकिल्ले आणि पंढरीची वारी हेलिकॉप्टरमधून टिपली, तेव्हा तो कोन मराठी वाचकाला नवलाचा होता. आज रिंगणाचा वरचा शॉट तालुक्याच्या यूट्यूब वाहिनीवरही असतो. ड्रोनने केले ते एवढेच, की आकाश स्वस्त केले. पण त्यातून पुढे बरेच काही बदलले.

नोव्हेंबर २०११ मध्ये वॉर्सातील निदर्शने आणि पोलिसांशी झालेली चकमक ड्रोनने टिपली, ती जगभर पाहिली गेली. त्याच महिन्यात अमेरिकेतील नेब्रास्का-लिंकन विद्यापीठात मॅट वेट या प्राध्यापकाने ड्रोन पत्रकारिता प्रयोगशाळा सुरू केली. वेट मूळचे वार्ताहर. नेत्यांच्या विधानांची तथ्यतपासणी करणाऱ्या, पुलित्झरविजेत्या पॉलिटिफॅक्ट या संकेतस्थळाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी २०१२ मध्ये नेब्रास्कातील दुष्काळाचे वार्तांकन केले. मिसुरी विद्यापीठातही असाच अभ्यासक्रम सुरू झाला. मात्र २०१३ मध्ये संघीय विमान प्रशासनाने दोन्ही विद्यापीठांना पत्र धाडून परवान्याशिवाय उघड्यावर उड्डाण करू नका असे बजावले. छंद म्हणून कोणीही ड्रोन उडवावा, पण वर्गात शिकवण्यासाठी उडवला तर परवाना हवा, अशी ही चमत्कारिक स्थिती होती. २९ ऑगस्ट २०१६ रोजी लहान ड्रोनसाठीचे नियम लागू झाल्यावर ती बदलली. त्या नियमांनुसार चालकाला लेखी परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्यात हवाई क्षेत्राचे नकाशे, हवामान, यंत्रावरील भार असे विषय असतात. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर वैमानिकाचे नकाशे आले ते असे. २०१७ मध्ये पत्रकारांना प्रशिक्षण देणारी पॉइंटर संस्था, वृत्तछायाचित्रकारांची राष्ट्रीय संघटना आणि वेट यांची प्रयोगशाळा यांनी मिळून चार विद्यापीठांत प्रशिक्षण शिबिरे घेतली. त्यांत उड्डाणाबरोबर नीतिनियमांवरही काम झाले.

प्रत्यक्ष उड्डाण पाहिले म्हणजे या शिक्षणात काय लागते ते कळते. काम निदान दोघांचे असते. एक जण पडद्यावर डोळे लावून यंत्र चालवतो. त्याला पडद्यावरची चौकट दिसते, आजूबाजूचे आकाश दिसत नाही. म्हणून दुसऱ्याने फक्त वर पाहायचे : विजेच्या तारा, झाड, घिरट्या घालणारी घार. घारी ड्रोनवर झडप घालतात, आणि संक्रांतीच्या सुमारास पंख्यांत मांजा अडकतो. उडवण्यापूर्वी पंखे घट्ट आहेत का, बॅटरी किती, उपग्रहांचे संकेत मिळाले का, परतीचा बिंदू नोंदला का, हे एकेक तपासायचे. लहान ड्रोन एका बॅटरीवर अर्ध्या तासाच्या आसपास टिकतो, वारा असेल तर त्याहून कमी. काय टिपायचे ते वर गेल्यावर ठरवू म्हणणाऱ्याची बॅटरी ठरवण्यातच संपते.

या साधनाचा पत्रकारितेला सर्वांत मोलाचा उपयोग गर्दी मोजण्यासाठी आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. दुर्दैवाने तोच सर्वांत कमी केला जातो. त्याची रीत ड्रोनच्या कितीतरी आधीची, आणि एका पत्रकारितेच्या शिक्षकाचीच आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतील बर्कली येथे शिकवणारे हर्बर्ट जेकब्स व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या सभा आपल्या कार्यालयाच्या खिडकीतून पाहत. खालच्या चौकात फरशीचे चौकोन आखलेले होते. काही चौकोनांतली डोकी मोजून त्यांनी प्रमाण बसवले : विरळ गर्दीत माणशी सुमारे १० चौरस फूट, दाट गर्दीत ४.५ आणि अगदी खेचाखेच असेल तर २.५ चौरस फूट. आपल्याकडे सभेचे मैदान एकरांत सांगतात, म्हणून हिशेब एकरात करू. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. विरळ गर्दी असेल तर एकरात साधारण ४,३५० माणसे, दाट असेल तर ९,७०० च्या आत, खेचाखेच असेल तर १७,४००. शंभर एकरांच्या सभेला ‘लाखोंचा जनसमुदाय’ म्हणताना तो सुमारे ४ लाख ३५ हजारांचा की ९ लाख ७० हजारांचा, हे मैदान कुठे भरले आणि कुठे विरळ होते यावर ठरते. ते कळायला कॅमेरा सरळ खाली रोखून, ठरावीक उंचीवरून, मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चित्रे घ्यावी लागतात. वाहिन्या दाखवतात तो तिरका शॉट असतो. त्यात पुढची डोकी मागच्यांना चिकटून दिसतात आणि मधल्या मोकळ्या जागा गिळल्या जातात. आयोजक तोच शॉट स्वतः पुरवतात, आणि तो तसाच प्रसिद्ध होतो. पत्रकारितेच्या प्रत्येक वर्गात हा हिशेब एकदा तरी फळ्यावर मांडला गेला पाहिजे.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ७ ऑक्टोबर २०१४ रोजी खाजगी ड्रोनवर बंदी घातली. १ डिसेंबर २०१८ पासून पहिली सविस्तर नियमावली आली आणि ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी ती बरीच सोपी केली. नकाशावर हिरवी, पिवळी आणि लाल क्षेत्रे आखली गेली. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. २५० ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ ड्रोनला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही, पण त्याहून जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा तर लागते. ते मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेतून मिळते. दहावी उत्तीर्ण आणि वय १८ ते ६५ एवढी अट आहे. शिवाय स्थानिक पोलिसांचे मनाई आदेश वेगळेच. मुंबईत ड्रोनबंदीचे आदेश ठरावीक मुदतीचे असतात आणि मुदत संपली की बहुधा नव्याने निघतात. या सगळ्यातून वाट काढताना जिल्ह्याचा वार्ताहर सहसा लग्नाचे शूटिंग करणाऱ्याला फोन लावतो. त्याच्याकडे ड्रोन असतो आणि हात बसलेला असतो. पण पूरग्रस्ताच्या छपरावरून किती उंचीने जायचे, ओल्या कपड्यांतल्या बाईवर कॅमेरा स्थिरावू द्यायचा की नाही, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. वार्ताहरालाही नसते. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. छपरावर अडकून पडल्याने तो हक्क जात नाही.

पाळतीची बाजू याहून गंभीर आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील फर्ग्युसन येथे निदर्शने चालू असताना शहरावरचे आकाश सुरक्षेच्या नावाखाली बंद करण्यात आले. वृत्तवाहिन्यांची हेलिकॉप्टरे दूर ठेवणे हाच त्यामागचा हेतू होता, हे पुढे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने मिळवलेल्या ध्वनिमुद्रणांतून उघड झाले. टेक्सासने २०१३ मध्ये ड्रोनने खाजगी मालमत्तेचे चित्रण करण्यावर निर्बंध घातले. त्याच्या आदल्या वर्षी तेथेच एका हौशी माणसाच्या हवाई छायाचित्रांमुळे मांस कारखान्यातून नदीत जाणारे डुकरांचे रक्त उघडकीला आले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंजाब-हरियाणा यांच्यामधील शंभू सीमेवर हरियाणा पोलिसांच्या ड्रोनमधून आंदोलक शेतकऱ्यांवर अश्रुधुराची नळकांडी पडली, आणि शेतकऱ्यांनी ती यंत्रे अडवायला पतंग उडवले. त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी पुणे, बीड, जालना या जिल्ह्यांतील गावांत रात्री फिरणाऱ्या ड्रोनची धास्ती पसरली, लोक पहारे देऊ लागले. अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांच्या मुक्कामावर ड्रोन फिरल्याचा प्रश्न विधिमंडळातही आला. अशा गावात ड्रोन घेऊन उतरणाऱ्या वार्ताहराने आधी पारावर जाऊन आपण कोण, कशासाठी आलो आणि चित्रण कुठे दिसेल हे सांगायला हवे. लोकांना डोक्यावरच्या आवाजातून पत्रकार आणि पोलीस वेगळे ओळखता येत नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

वरून मिळणाऱ्या चित्राची मर्यादा इर्शाळवाडीने दाखवली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील या ठाकर वाडीवर डोंगर कोसळला. तेथे जायला फक्त चढणीची पायवाट होती. हवाई चित्रांत हिरव्या डोंगरावरून उतरलेला तपकिरी पट्टा आणि त्याच्या कडेला राहिलेली घरे दिसत होती. दरडीचा आवाका त्यांतून लगेच समजला. पट्ट्याखाली कोण आहे, हे मात्र समजत नव्हते. त्या रात्री कोण घरी होते, कोण कामाला बाहेर गेले होते, कोणाची मुले आश्रमशाळेत होती, हे वाचलेल्या माणसांजवळ बसून, घराघराची नावे विचारूनच कळले. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले, आणि चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला.